पालकाला गुलाबाचा वास

सुनेला दयामाया म्हणून नाही, असं सासूबाईंचं स्पष्ट मत होतं. प्रयोगशाळेचं छत गळायला लागलं तशी तिनं पालकाच्या बारा कुंड्या घरी आणून मागच्या खोलीत मांडल्या आणि त्यातल्या सहांच्या डोक्यावर जांभळट दिवा टांगला.

“यातून अतिनील किरण निघतात, आई. उन्हात असतात तेच, पण जास्त कडक. त्यांनी पानातली प्रथिनं मोडतात. मग झाड अन्न कशानं बनवणार? म्हणून जनुकं हुकूम सोडतात, नवी प्रथिनं बनवा! असं झाड किती दिवस तग धरतं, ते मोजायचंय.”

“म्हणजे मोडायचं तू आणि डागडुजी त्यांनी करायची!”

सून हसली, तोंडाला उन्हाचं क्रीम चोपडलं आणि कामावर गेली.

चौथ्या दिवशी पानं कडेनं पिवळी पडली. सासूबाईंनी ते पाहिलं. सुनेला स्वतः बाहेर पडताना क्रीम, आणि या मुक्या जिवांना काहीच नाही? त्यांनी बाटली उचलली आणि पानापानाला दोन्ही बाजूंनी बोट फिरवलं.

मग तो रोजचाच नेम झाला. आठवड्यात बाटलीनं तळ गाठला. सुनेनं नवऱ्याला धरलं.

“तू लावतोस?”

“मी? मी तर साबणसुद्धा विसरतो!”

“मग क्रीम काय भिंत पिते?”

सासूबाई मान खाली घालून मटार सोलत राहिल्या. मुलानं निमूटपणे दोन नव्या बाटल्या आणल्या. त्याही संपल्या.

तीन आठवड्यांनी सून मोजमाप घेऊन किंचाळलीच. दिव्याखालची पानं हिरवीगार, प्रथिनं शाबूत! तासाभरात तिचे संशोधनाचे सर हजर. त्यांनी पान हुंगलं, पुन्हा हुंगलं.

“पालकाला गुलाबाचा वास! किरणांनी झोपलेलं जनुक जागं केलंय! आजच कळवतो सगळ्यांना.”

“आणि सर, चुकलं असेल तर?”

“तर तुझी तीन वर्षांची मेहनत पाण्यात आणि मला तोंड दाखवायला जागा नाही. पण चुकेल कसं?”

सासूबाई दाराआडून ऐकत होत्या. ‘चुकलं’ हा शब्द त्या घरात बाकीच्यांनी म्हणायचा असे. त्यांनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. तेवढ्यात सर फोन लावू लागले.

“ठेवा तो फोन! जनुकबिनुक काही नाही, क्रीमचा वास आहे तो. मी लावलं.”

“आई!” सुनेचे डोळे भरले. “माझी तीन वर्षं!”

सरांनी फोन खाली ठेवला. “सगळ्या कुंड्यांना लावलं?”

“दिव्याखालच्या पाचांना. सहावी वाकडी वाढली, तिचं नि माझं पटत नाही.”

“ती मेली, रोगट म्हणून मी बाद धरली,” सून पुटपुटली.

“कधी लावायचात?”

“दुपारी साडेतीनला. पानाला एक बोट. एक दिवस चुकवला नाही.”

सर ताडकन उठले. “अगं, आपला लेख परत पाठवणारे परीक्षक काय म्हणत होते? पानं किरणांनी नाही, दिव्याच्या गरमीनं मरतात म्हणे! क्रीम गरमी थोडीच अडवतं? ते किरण अडवतं. पाच जगल्या, बिनक्रीमची मेली! पन्नास कुंड्या घेऊन पुन्हा करू. क्रीम मात्र यांनीच लावायचं.”

सासूबाईंनी पदर खोचला आणि सुनेकडे वळल्या.

“मशीनला विचारलंस, सरांना विचारलंस, नवऱ्याची तर झडती घेतलीस. दिवसभर घरात असलेल्या बाईला काही विचारावं, हे सुचलं नाही. शिकलीस पुष्कळ गं, पण चौकशी कुणाकडे करावी ते तुला अजून कळत नाही.”