दादांच्या बंदुकीचा धक्का

"बंदुकीचा धक्का आता सुनेच्या खांद्याला लागला, माझा खांदा सुटला एकदाचा," असं सासूबाई मागच्या पडवीत शैलाकाकूंना सांगत होत्या. शैलाकाकू शेजारच्या. मी आत न्हाणीघरात केस धूत होते, हे दोघींनाही माहीत नव्हतं.

"कळलं का तिला?"

"नाही अजून. तिला वाटतंय मानेचं काहीतरी आहे."

मला तसंच वाटत होतं. लग्न होऊन या घरी आल्यापासून अधूनमधून उजव्या खांद्यावर काहीतरी जोरात आदळायचं. पहिल्यांदा आदळलं तेव्हा मी आमटी वाढत होते. ती उन्मेषच्या ताटात न पडता मांडीवर पडली. उन्मेष माझा नवरा. "नवीन आहे, बुजलीय," असं सगळ्यांना सांगून त्याने पंचा मागितला. पुढे खांदा काळानिळा झाला तेव्हा तो मला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी विचारलं, "बंदूक उडवता का?" मी म्हटलं, "नाही. सासरे उडवतात." डॉक्टर म्हणाले, "मग डाग त्यांना हवा," आणि मलम मला दिलं.

ओले केस पंच्यात गुंडाळून मी बाहेर आले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"ऐकलंस?"

"हो."

"बरं झालं. सांगायचंच होतं. कुठून सुरुवात करावी ते सुचत नव्हतं."

शैलाकाकू म्हणाल्या, "सवय होते गं," आणि कढीपत्ता घेऊन घरी गेल्या.

आमची केळी, सुपारी आणि नारळाची बाग घराच्या मागे उतारावर आहे. तिथे वानरं येतात. त्यांना हाकलण्यासाठी दादांकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे, ठासणीची बंदूक आहे. तिच्या तोंडातून काळी दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा घालायचा, गजाने ठासायचं आणि आभाळाकडे धरून बार काढायचा. गोळी नसते. आवाज आणि धूर एवढंच काम. अशी बंदूक उडवणारा माणूस मागे रेलतो, पण दादा रेलत नाहीत. जत्रेला पालखी उठते तेव्हा पहिला बार काढायचा मान आमच्या घराचा आहे आणि त्या दिवशी दादा दारू नेहमीच्या दुप्पट भरतात. बार झाला की ते धुरात खांबासारखे उभे दिसतात. पंचक्रोशीत त्यांचं नाव त्या उभं राहण्यामुळेच आहे. बस्त्याला गेलो तेव्हा दुकानदारानेही मला सांगितलं होतं, "तुमच्या सासऱ्यांचा खांदा म्हणजे कातळ."

आता कळलं की कातळ दुसरीकडे होता.

एरवी मी हेही चालवून घेतलं असतं. पण पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी मला तालुक्याच्या लॅबमध्ये रुजू व्हायचं होतं. काम रक्त काढण्याचं. त्यासाठीच मी शिकले होते, आणि ही नोकरी मिळाल्यावरच लग्नाला हो म्हटलं होतं. एखाद्याच्या शिरेत सुई असताना दादांनी बार काढला तर काय होईल, हे रात्री जेवताना मी उन्मेषला हळू आवाजात विचारलं. त्याने ते सगळ्यांना मोठ्याने सांगितलं.

दादांनी ताक पिऊन वाटी खाली ठेवली. "लॅब लांब आहे. तिथपर्यंत धक्का पोचतो का, हे आधी बघितलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी आम्ही ते बघितलं. उन्मेष आणि मी एसटीने निघालो. घाट उतरून बस तालुक्याच्या वेशीला लागली आणि मी कंडक्टरच्या अंगावर गेले. बस तेव्हा सिग्नलला थांबलेली होती.

"ताई, धरून उभं राहा," कंडक्टर म्हणाला.

"धरलंय."

"मग सोडून बघा."

उन्मेषने घरी फोन लावला. दादांनी बार नुकताच काढला होता. "पोचला का?" त्यांनी विचारलं. उन्मेष म्हणाला, "पोचला. कमीसुद्धा झाला नाही." पलीकडून दादा म्हणाले, "दारू चांगली आहे यंदाची."

मग धक्का कमी करण्याच्या उपायांना सुरुवात झाली. पहिला उपाय मीच सुचवला, दारू कमी घालण्याचा. दादांना तो पटला नाही. "एवढ्याशा दारूला वानरं हसतील," ते म्हणाले. "मला तर उलट ही बंदूक मऊच वाटत आली आहे. कधी काही लागलंच नाही. मी दरवर्षी चिमूटभर वाढवत गेलोय."

सासूबाई भात वाढता वाढता थांबल्या. "दरवर्षी?" त्यांनी विचारलं. दादा म्हणाले, "चिमूटभर गं." सासूबाईंनी दादांना भात वाढला नाही, त्या पुढे गेल्या.

उन्मेषने वाचून सांगितलं की खांद्यावर गादी बांधली तर धक्का मुरतो. जुन्या गोधडीची गादी शिवून दादांना बांधली. काही फरक पडला नाही, कारण धक्का त्यांना बसतच नव्हता. मग ती मला बांधली. फरक पडला, पण ब्लाउज बसेना, आणि सत्यनारायणाला आलेल्या बायका माझ्या एका वर आलेल्या खांद्याकडे पाहून सासूबाईंना विचारू लागल्या, "स्थळ बघताना लक्षात नाही आलं?"

मग दादांचे चुलतभाऊ भिकाजीकाका आले. बंदुकीची लाकडी कामं ते करतात. त्यांचं म्हणणं असं की बंदूक जड असली तर धक्का मंदावतो, आणि दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचं लाकूड, माणसाच्या मापाचा असला तर तो नीट बसतो. दोन्ही गोष्टी बरोबर होत्या. त्यांनी दस्ता पोखरून आत शिसं ओतलं. मग दस्ता कोणाच्या मापाचा करायचा, यावर ओसरीवर चर्चा झाली. दादा म्हणाले, बंदूक धरणाऱ्याच्या. भिकाजीकाका म्हणाले, धक्का घेणाऱ्याच्या.

"हात वाकव गो," ते मला म्हणाले आणि कोपरापासून बोटापर्यंत सुतळी लावली.

"बांगड्या काढू?"

"नको. बार होतलो तेव्हा त्या काय काढून ठेवतलंस?"

दस्ता माझ्या मापाचा झाला. धक्का आता सुबक बसू लागला. आदळल्यासारखा नाही, कोणीतरी रांगेत मागून ढकलावं तसा. पण दादांना बंदूक आखूड पडू लागली. मान वाकडी करून धरताना ते म्हणाले, "लाटणं धरल्यासारखं वाटतंय." त्यांचा नेम चुकू लागला. ते आभाळाकडेच बार काढत असल्यामुळे नेम कसा चुकतो हे मला कळलं नाही, पण ते उदास दिसत होते खरे.

मी केळीच्या दांड्यावर सराव सुरू केला. दांड्यात सुई हळूच घालायची आणि धक्का बसला तरी हात स्थिर ठेवायचा. दादा बार काढण्याआधी मला मिस्ड कॉल देतील असंही ठरलं, म्हणजे मला अंग पुढे झुकवून, पाय फाकवून उभं राहता येईल. पहिल्या दिवशी त्यांनी कॉल आधी दिला. दुसऱ्या दिवशी नंतर दिला. त्यानंतर वानरं वाट बघत नाहीत म्हणून दिलाच नाही. सुई दांड्यातून आरपार गेली आणि माझ्या डाव्या तळहाताला लागली. मी तळहात दाबून बसले. दांड्यातून पाणी येत होतं, माझ्या हातातून रक्त.

उन्मेषने ते पाहिलं आणि संध्याकाळी विषय काढला.

"नोकरी जरा पुढे ढकलू," दादा म्हणाले. "वानरांचा हंगाम संपू दे."

"वानरांचा हंगाम संपत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"मग जत्रा तरी होऊ दे. जत्रेनंतर बघू."

उन्मेष माझ्याकडे बघून म्हणाला, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "बघते." या घरात मी तोवर जे काही बोलले होते ते साधारण एवढ्याच लांबीचं होतं.

भांडी विसळताना मी सासूबाईंना विचारलं, "आई, तुम्ही कसं निभावलंत?"

"निभावलं म्हणजे काय? बरण्या वरच्या फळीवर ठेवायच्या नाहीत. उकळतं काही उजव्या हातात धरायचं नाही. पोरगं डाव्या कडेवर." त्या कढई घासत होत्या. "मी पेटी वाजवायचे. माहेराहून आणली होती. सूर लागला की हे बार काढायचे आणि हात भलतीकडेच. शेवटी शाळेला देऊन टाकली."

"दादांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं. ते म्हणाले, सकाळी वाजव. सकाळी वानरं येतात."

मी भांडी पुसत राहिले. मला एक गोष्ट मात्र समजत नव्हती. "धक्का तुमच्याकडून माझ्याकडे आला कसा? मी तर बंदुकीला हातसुद्धा लावला नाही."

"हात लावायला कशाला लागतो? तू माप ओलांडलंस ना? उंबरठ्यावरचं तांदळाचं माप पायाने लवंडून या घरात शेवटी जो माणूस आला, त्याला धक्का. माझ्या सासूकडून माझ्याकडे तसाच आला. मी माप लवंडलं आणि ओसरीवर मामंजींनी आनंदाने बार काढला. मी तांदळातच बसले."

"पण मग बायकांनाच का?"

"माप दुसरं कोण ओलांडतं?"

एवढं बोलून त्यांनी कढई पालथी घातली. मग ती पुन्हा सरळ केली. माझ्याकडे वळल्या. त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली आहे, हे मला त्या वेळी पहिल्यांदा दिसलं.

"आंबेमोहोर घेऊ की साधे?" त्यांनी विचारलं.

"साधे चालतील," मी म्हटलं.

रविवार आला. उद्या मला रुजू व्हायचं होतं. दादा चहानंतर बागेत गेले होते. मी उंबरठ्यावर माप ठेवलं, तांदूळ शिगोशीग भरले. सासूबाईंनी ओवाळायच्या ताटात निरांजन लावलं, कुंकवाची कोयरी काढली. उन्मेष दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "कोण येतंय?" मग माप पाहून तो बाजूला सरला. शैलाकाकू मागच्या पडवीत पायरीवर जाऊन बसल्या, म्हणजे त्या बाजूने कोणाला आत येता येऊ नये.

अंधार पडायच्या आत दादा बंदूक घेऊन अंगणात आले. माप पाहून थांबले. ताटाकडे पाहिलं. मग आमच्याकडे.

"हे काय?"

सासूबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते अन्यायी नाहीत, फक्त त्यांना कधी काही लागलेलं नाही.

"अगं, मी याच घरात जन्मलो," ते म्हणाले.

"जन्मलात. माप ओलांडलं नाहीत."

"असं कोणी करतं का?"

"कोणी करून बघितलं नाही."

दादांनी बंदूक एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. शिशामुळे ती आता जड झाली होती. "आणि जत्रेत? पालखीसमोर सगळा गाव उभा असतो. मी हललो तर लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बार झाला," सासूबाई म्हणाल्या.

दादांनी उन्मेषकडे पाहिलं. उन्मेष तांदळाकडे पाहत होता. मागच्या पडवीतून शैलाकाकूंचा खोकला ऐकू आला. दादांनी तिकडेही एकदा पाहिलं, मग बंदूक तुळशीकट्ट्याला टेकवून ठेवली, चपला काढल्या आणि पाय उचलला. तो डावा होता.

सासूबाई निरांजन धरून तशाच उभ्या होत्या. आजवर दादांनी त्यांना "अगं" म्हणूनच हाक मारलेली मी ऐकली होती. मी पुढे होऊन दारात आडवा हात धरला.

"दादा, उजवा पाय," मी मोठ्याने म्हटलं. "आणि त्याआधी आईंचं नाव घ्या, उखाण्यात."