विषयांतराची घंटी

राळेगावच्या अलीकडे बोरखडी फाट्यावरच्या कला व वाणिज्य महाविद्यालयात दर डिसेंबरात आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धा होत असे. ती त्या वर्षीही होणार होती. फरक एवढाच, की त्या वर्षी जिल्ह्यातलं कापसाचं संकट अधिकृत झालं होतं. ते पाहायला दिल्लीहून उच्चस्तरीय पथक निघालं होतं आणि पथकाला ते दिसू नये म्हणून सगळी यंत्रणा कामाला लागली होती.

त्याच कामाचा भाग म्हणून एक परिपत्रक निघालं. पथकाचा दौरा संपेपर्यंत कोणत्याही जाहीर कार्यक्रमात 'नकारात्मक वातावरणनिर्मिती' करणारा विषय घेऊ नये, विषय तालुक्याच्या कार्यालयातून मंजूर करून घ्यावा आणि मंजुरीची प्रत व्यासपीठावर, शक्यतो फुलदाणीच्या बाजूला, ठेवावी.

स्पर्धेचे संयोजक होते प्राध्यापक धर्मपाल नगराळे. ते अकरा वर्षांपासून तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते. म्हणजे दर जुलैत त्यांची नेमणूक व्हायची आणि दर मार्चमध्ये ते आपोआप संपुष्टात यायचे. त्यांना कायम करण्याची फाइल संस्थेचे अध्यक्ष देवीलालशेठ यांच्या टेबलावर चार वर्षांपासून होती. शेठ तिच्यावर चहाचा कप ठेवत, त्यामुळे टेबल खराब होत नसे.

"सर, यंदाची स्पर्धा बिना गालबोट काढा," शेठ म्हणाले. "पथक गेलं का दुसऱ्या दिवशी मी तुमच्या फाइलवर सही करतो. आन् काही वेडंवाकडं झालं, तं तुमाले मार्चची वाट पाहाचं काम नाई."

नगराळे सर सत्तावीस विषयांची यादी घेऊन नायब तहसीलदार भावसिंग साहेबांपुढे उभे राहिले. साहेब सज्जन होते. त्यांनी प्रत्येक विषय वाचला आणि प्रत्येकावर विचार करून काट मारली. 'शेती आणि तरुण' हा विषय तर नजर पडताच गेला. 'मोबाईल : शाप की वरदान' यात टॉवरचा मुद्दा निघेल आणि टॉवरवरून विजेचा. 'मुलींचे शिक्षण' यात वसतिगृहाच्या पाण्याचा. 'निसर्ग माझा मित्र' वाचून साहेब बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसले.

"यंदा नाई वाटत, सर," ते शेवटी म्हणाले.

"आणि 'वक्तशीरपणाचे महत्त्व', साहेब? त्यात काय आहे?"

"तुमच्या कॉलेजासमोर खरेदी केंद्र हाय ना? ते उघडाची तारीख काय होती?"

सरांनी स्वतःच काट मारली.

केंद्र कॉलेजच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडेच होतं. 'जागेअभावी खरेदी तात्पुरती स्थगित' असा फलक त्याच्या कुलपाला लटकत होता. कापसानं भरलेल्या बंड्या फाटकापासून नाल्याच्या पुलापर्यंत उभ्या होत्या. बैल सोडलेले, माणसं बंड्यांच्या सावलीला. त्या दिवशी तिथे बेचाळीस बंड्या होत्या.

सर घरी आले तेव्हा त्यांचा साळा अश्वजित फोनवर कोणाशी तरी भांडत होता. तो पुण्यात इंजिनियरिंगला होता, सुट्टीत आला होता आणि उन्हातान्हात कवटीचं चित्र असलेला काळा टी-शर्ट घालून फिरत होता. "अबे, स्लेयर नसता तं पुढचं सारं मेटल भजन झालं असतं!" तो ओरडला. पलीकडचा काही बोलला. "मेटॅलिका मोठी आहे, मान्य. मोठी असणं आन् प्रभाव टाकणं येगळं असते!"

"हे पाऊण घंट्यापासून चालू हाय," सरांच्या पत्नी सत्यशीलाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "हेवी मेटल नावाच्या गाण्यावर कोणत्या थ्रॅश बँडचा जास्त प्रभाव पडला म्हन्ते. थ्रॅश म्हणजे त्यातलंच, पण जोरात पळणारं. मले इतकं पाठ झालं आता."

नगराळे सर चप्पल काढायचे थांबले. पाऊण तास दोन शिकलेली माणसं जीव तोडून भांडत होती आणि त्यात कोणत्याही खात्याचं नाव आलं नव्हतं. अकरा वर्षांच्या अध्यापनात त्यांनी इतका निरुपद्रवी वाद ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अठ्ठाविसावा विषय सादर झाला : 'हेवी मेटल संगीतावर सर्वाधिक प्रभाव कोणत्या थ्रॅश बँडचा?'

"हे बँड कुठले?" भावसिंग साहेबांनी विचारलं.

"चारही अमेरिकेतले, साहेब."

पेन थांबलं. "अमेरिका म्हणजे कापसाचं अनुदान. तिकडे अनुदान भेटते म्हणून इकडे भाव पडते, हे तं आता चहाच्या टपरीवरही बोलून राह्यले लोक."

सरांनी तिथेच हमीपत्र लिहून दिलं : 'उक्त चारही वाद्यवृंद कापूस पिकवत नसून त्यांनी कोणत्याही पिकापोटी अनुदान घेतल्याचे निदर्शनास आलेले नाही. स्पर्धेत कापूस, वीज, पाणी, बियाणे, भाव अथवा तत्सम ज्वलनशील बाबींचा उल्लेख झाल्यास तो विषयांतर समजून वक्त्यास तात्काळ घंटी देण्यात येईल.' खाली सही, हुद्दा आणि हुद्द्यापुढे कंसात 'तासिका तत्त्वावर'.

विषय मंजूर झाला.

आता स्पर्धकांना माहिती हवी. अश्वजितनं दोन पानं लिहून दिली, सरांनी त्यांच्या झेरॉक्स काढल्या आणि इथेच घोटाळा झाला. तो मात्र कोणत्याही परिपत्रकाला आधी दिसला नसता. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, की मेटॅलिकानं आपल्या एका गिटारवाल्याला सुरुवातीलाच हाकलून दिलं, त्याला बसमध्ये बसवून घरी पाठवलं आणि त्या माणसानं चिडून मेगाडेथ नावाचा वेगळा बँड काढला.

एवढ्या एका वाक्यानं थ्रॅश मेटल बोरखडीला समजलं.

कारण दोनच वर्षांपूर्वी देवीलालशेठनी संस्थेचे सचिव पूनमसिंगभाऊ यांना असंच हाकललं होतं आणि भाऊंनी रस्त्यापलीकडे दुसरी संस्था काढली होती. झेरॉक्स भाऊंच्या हाती गेली. त्यांनी ती दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि विचारलं, "बसमधीच बसवून देल्लं त्याले? एसटीच्या?"

"तिकडची बस असन, भाऊ."

"मले तं तिकीटही काढून देल्लं नोतं," भाऊ म्हणाले. संध्याकाळपर्यंत फाट्यावर फलक लागला : 'अन्यायाविरुद्ध लढणाऱ्या मेगाडेथच्या पाठीशी समस्त तालुका. शुभेच्छुक : पूनमसिंगभाऊ मित्रमंडळ.' सकाळी त्याच्या शेजारी दुप्पट मोठा फलक उभा राहिला. त्यावर देवीलालशेठ हात जोडून उभे होते आणि खाली लिहिलं होतं : 'मूळ संस्था ती मूळ संस्था. मेटॅलिका.'

मग जो तो आपापला बँड धरून बसला. ज्यांना कोणत्याच संस्थेत पद नव्हतं ते स्लेयरमध्ये गेले. दोन्हीकडे पाय ठेवणाऱ्यांनी अँथ्रॅक्सचा पर्याय स्वीकारला, कारण झेरॉक्सनुसार त्यांनी रॅपवाल्यांशीही जुळवून घेतलं होतं. नेरहून आणि दारव्ह्याहून येणाऱ्या जीपमध्ये प्रवासी बँडवार बसू लागले. गाणं मात्र कोणी ऐकलं नव्हतं. अश्वजितनं टपरीवर एकदा लावलं, तेव्हा मेटॅलिकाचे तालुका समन्वयक म्हणाले, "हे बंद कर बे. वाद चालू हाय ना इथं."

बंड्या एकशे सव्वीस झाल्या. बंडीवाल्यांना दुसरा उद्योग नसल्यानं त्यांच्यातही गट पडले.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी शेठनी सरांना बोलावलं. "पथकाच्या दौऱ्यात चाळीस मिनटं मोकळी निंगाली. सांस्कृतिक कार्यक्रम म्हणून ते आपल्याकडे येऊन राह्यले." त्यांनी फाइलवरचा कप उचलून बाजूला ठेवला. चार वर्षांत सरांनी ती फाइल पहिल्यांदाच पूर्ण पाहिली. मुखपृष्ठावर चहाची गोल मुद्रा होती. "आन् निकाल मेटॅलिका. मेगाडेथले उत्तेजनार्थ देऊन टाका, म्हणजे त्याचं तोंड बंद राहीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांनी सगळ्या बंड्या कॉलेजच्या मागच्या मैदानावर नेऊन लावल्या. रस्ता स्वच्छ झाला. कुलपावरचा फलक काढून तिथे 'हार्दिक स्वागत' लावलं, कुलूप तसंच राहिलं.

पथक आलं. पाच जण पहिल्या रांगेत बसले. मंजुरीची प्रत फुलदाणीच्या बाजूला होती आणि नगराळे सर घंटीच्या बाजूला. नियम जुनाच : चार मिनिटांना एक घंटी, पाच मिनिटांना दोन, आणि विषयांतर झालं तर वक्ता खाली उतरेपर्यंत.

पहिल्या वक्त्यानं मेटॅलिकाला स्थैर्य आणि विकासाचं प्रतीक म्हटलं. शेठनी टाळ्या वाजवल्या. दुसरा मेगाडेथबद्दल बोलताना रडला. पूनमसिंगभाऊही रडले. तिसरा अँथ्रॅक्सचा होता. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत, असं म्हणून तो बसला.

चौथं नाव पुष्पा आडेचं होतं. ही सरांच्याच वर्गातली, तांड्यावरून सायकलनं येणारी. तिचे वडील धावजी बंडी घेऊन चौदा दिवसांपासून रांगेत होते. ती कॉलेजला येताना त्यांचा डबा घेऊन यायची आणि मग त्यांच्याच बंडीवर बसून निबंध लिहायची. सरांनी तिच्या वहीवर एकदा 'तुझ्या लिहिण्यात सत्य आहे, ते सांभाळ' असा शेरा मारला होता. तो त्यांना या क्षणी नेमका आठवला.

"अध्यक्ष महोदय, माझा बँड स्लेयर," ती म्हणाली. "मेटल संगीताला त्यांनी वेग दिला. त्यांची एक आख्खी तबकडी आहे. दहा गाणी. एकूण वेळ एकोणतीस मिनिटं. काम असेल तर ते इतक्या लवकर होऊ शकतं, हे पुढच्या सगळ्या बँडना त्यांच्यापासून कळलं."

सरांना बरं वाटलं. तयारी चांगली होती.

"एकोणतीस मिनिटांत दहा गाणी," पुष्पा म्हणाली. "आणि आमची एक बंडी काट्यावर मोजायला चौदा दिवस होऊन गेले. ती अजून मोजलीच नाही. आज सकाळी ती इथून हलवली. तुम्ही बसलात त्या सभागृहाच्या भिंतीमागं उभी आहे. खिडकी उघडली तर—"

भिंतीमागून एका बैलाच्या घागरमाळेचा आवाज आला. पथकप्रमुखांनी वहीतून मान वर केली. शेठनी मान वर केली नाही. त्यांनी फक्त सरांकडे पाहिलं.

घड्याळात दोन मिनिटं आणि दहा सेकंद झाली होती. नगराळे सरांनी आयुष्यभर मुलांना विषयांतर म्हणजे काय ते शिकवलं होतं. मूळ विषय सोडून भलतीकडे जाणं. भलतीकडे कोण गेलं, हे त्यांना अगदी स्वच्छ दिसत होतं. खिडकी त्यांच्यापासून चार पावलांवर होती. घंटी हाताजवळ होती.

त्यांनी घंटी दाबली.

"सर, माह्ये दोन मिन्टं पन्नास सेकंद बाकी हाय," पुष्पा म्हणाली. व्यासपीठावरची मराठी तिच्या तोंडून गळून पडली होती.

"विषयांतर," सर म्हणाले, आणि ती खाली उतरेपर्यंत घंटी वाजवत राहिले.

"ती मुलगी शेवटी काय म्हणत होती?" पथकप्रमुखांनी शेजारी विचारलं.

"त्यांचा बँड फार वेगवान आहे, असं म्हणते," भावसिंग साहेबांनी भाषांतर केलं. पथकप्रमुखांनी वहीत टिपून घेतलं. त्यांचा अहवाल पुढे छापून आला. त्यात एक वाक्य बोरखडीचं आहे : 'ग्रामीण युवकांत जागतिक संगीताविषयी लक्षणीय जाण आढळली. परिस्थिती सर्वसाधारण वाटते.'

निकाल त्या दिवशी लागला नाही. मेटॅलिका जाहीर होणार असं दिसताच पूनमसिंगभाऊंच्या लोकांनी खुर्च्या उचलल्या, म्हणून निकाल सीलबंद करून एका समितीकडे सोपवण्यात आला. समितीत दोन मेटॅलिकाचे, दोन मेगाडेथचे आणि एक निवृत्त तलाठी आहेत.

नगराळे सर मात्र कायम झाले. शेठनी शब्द पाळला. आदेश घेऊन ते फाटकाबाहेर आले, तेव्हा बंड्या परत रस्त्यावर येऊन लागल्या होत्या. पहिल्याच बंडीच्या जुवाला टेकून धावजी बसले होते. सरांना वळून जायची जागा नव्हती.

"राम राम, सर," धावजी उठून म्हणाले. "पोट्टी काही बोलून नाई राह्यली घरी. तुमीच सांगा बाप्पा. मंग जिंकला कोनता बँड?"

सरांनी समितीचं सांगितलं. धावजी हळहळले. मागच्या तीन-चार बंड्यांवरची माणसंही हळहळली.

तेव्हापासून सरांना हाच प्रश्न येतो. जीपमध्ये येतो, टपरीवर येतो. भावसिंग साहेबांनीही बदलीच्या गावाहून पत्र लिहून विचारलं. विचारत नाही ती एकटी पुष्पा. ती सरांच्या तासाला आता शेवटच्या बाकावर बसते. वही कोरी ठेवते.

निकालाबद्दल आपल्यालाही उत्सुकता असेल. ती स्वाभाविक आहे. समितीकडे लेखी अर्ज केल्यास यथावकाश कळवण्यात येईल. आतापर्यंत तीनशे बारा अर्ज आलेले आहेत. धावजींची बंडी मोजली की नाही, हे विचारणारा अर्ज अद्याप एकही आलेला नाही.