मनोहरकाकांची पावर

शिंक येतेय असं वाटलं, की मी मागच्या खोलीत पळायचे. पुढच्या खोलीत शिंकले, तर अंगणाच्या भिंतीवरून आधी स्टीलचा पेला वर यायचा आणि मग शेजारच्या मनोहरकाकांचं डोकं. "पी पोरी! पावर कमी पडून राहिली तुही!"

पावर म्हणजे रोगप्रतिकारशक्ती, आणि पेल्यात गुळवेलीचा काढा. काका पांढुर्ण्याच्या मंडीत कापूस तोलायच्या काट्यावर नोकरीला होते. निवृत्त होऊन सौंसरला आले आणि आख्ख्या गल्लीची पावर वाढवायच्या मागे लागले. त्यांच्या दारात चहा कुणालाच मिळायचा नाही. विजेचा मीटर बघायला येणारा माणूस फाटकाबाहेरूनच टाचा उंचावून आकडा वाचायचा. काकांच्या भाचीला बघायला बोरगावचे पाहुणे आले होते. एकेक घोट घेऊन उठले ते परत आलेच नाहीत. काका म्हणाले, "बरं झालं. इतकी कमजोर पार्टी आपल्याले पाहिजेच नाही."

शकूकाकू मात्र रोज सकाळी ओसरीवर बसून पेला रिकामा करायच्या. तोंड वाकडं करून, पण शेवटच्या थेंबापर्यंत. अंगण झाडताना मला ते रोज दिसायचं.

मग काकूंचा उजवा हात थरथरायला लागला. निवडताना सुपातली डाळ नाचायची. पावलं आखूड झाली, आवाज बारीक झाला. काकांनी काढा दुप्पट केला. तरी फरक पडेना, तेव्हा "तू शिकेल पोरगी आहे, संगं चाल," म्हणत मला घेऊन दोघं नागपूरच्या बसमध्ये बसले.

डॉक्टरांनी तपासलं आणि पार्किन्सन असल्याचं सांगितलं.

"मंग साहेब, हिची प्रतिकारशक्ती वाढवू ना!" काका पुढे सरसावले.

"काका, तिथंच तर घोळ आहे," डॉक्टर म्हणाले. "या आजारात मेंदूतल्या हालचाल सांभाळणाऱ्या पेशी मरत जातात. त्यात प्रतिकारशक्तीचाही हात असावा, असं आता दिसतंय. जंतूंशी लढणारी शरीराची फौज आपल्याच पेशींवर उलटते. सुरुवात कशानं होते, ते अजून पक्कं कळलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोयत्याचा आवाज आला म्हणून मी बाहेर आले, तर काका भिंतीवरची गुळवेल तोडत होते.

गल्ली शांत झाली. मी मुद्दाम अंगणात उभी राहून शिंकून पाहिलं. भिंतीवरून काहीच आलं नाही. काकांचं जेवणही सुटलं. एकदा मला म्हणाले, "ते फौज मीच पोसली ना पोरी. माह्याच हातानं तिच्यावर सोडली."

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना सरळच विचारलं. ते म्हणाले, "काढ्यानं हा आजार झालेला नाही. ते मनातून काढून टाका. गोळ्या वेळेवर द्या, रोज चालवा."

काकांनी मान हलवली. बाहेर येऊन म्हणाले, "समजूत काढून राहिले बापा डाक्टर."

तेव्हा बाकावर बसलेल्या काकू त्यांच्या बारीक आवाजात म्हणाल्या, "आवो, मी काढा पेलीच कुठं? जास्वंदीच्या बुडाशी टाकत होती."

"टाकत होती?" काका कडाडले. "मी पहाटे उठून उकळून राहिलो, अन् तू झाडाले पाजून राहिली?"

ते बसस्टँडपर्यंत भांडले, मग सौंसर येईपर्यंत भांडले. घरी पोचल्यावर काकांनी भाकरी मागून घेतली. मला ओसरीवरचा पेला आठवत होता, पण मी गप्प बसले.

परवा त्यांच्याकडे गेले होते. काकूंचे हात आता डोक्यामागे जात नाहीत. त्या खुर्चीत बसल्या होत्या आणि मागे उभे राहून काका त्यांची वेणी घालत होते. पेड सुटायचा, काका पुन्हा घालायचे. काकूंना डुलकी लागली होती.

मी हळूच म्हणाले, "काका, जास्वंद छान वाढली."

"जास्वंदीले एक थेंब नाही भेटला, पोरी," काका हसले. "समोर बसून पाजत होतो मी. मले काय दिसत नव्हतं?"

"मग एवढं भांडलात कशाला?"

"जिंदगीत पहिल्यांदा झूट बोलली ते, अन् माह्यासाठी. मी मानलं नसतं, तं कसं वाटलं असतं तिले?"

मनगटावरचा रबर काढून त्यांनी वेणीच्या टोकाला बांधला. वेणी वाकडीच झाली होती.