चिठ्ठीला हात लावायचा नाही

बालेंदिननं मुलीला फोनवर शब्द दिला आणि तिथूनच सगळं बिघडत गेलं.

"बाबा, शनिवारी माझे सासू-सासरे येतायत," इसारो कॉर्कहून सांगत होती. लग्न होऊन आयर्लंडला गेल्याला तिला दोन वर्षं झाली होती. "त्यांना स्पॅनिश येत नाही, आपली बास्क भाषा तर नाहीच नाही. तू निदान चार शब्द इंग्रजीत बोल. लग्नात तू भर हॉटेलात गाय करून दाखवलीस, अजून सांगतात ते सगळ्यांना."

"दूध हवं होतं मला. आणि मिळालं की!"

"बाबा!"

"बरं बाई, बोलतो. शब्द दिला."

स्पेनमधल्या बेर्मेओच्या बंदरातून चाळीस वर्षं कुपा मासे धरणाऱ्या बोटीवर गेलेला हा गडी कधी वादळाला भ्याला नव्हता. पण व्याही-विहिणीसमोर पोरीची मान खाली जाईल या विचारानं त्याला घाम फुटला. त्यानं नगरपालिकेच्या प्रौढांच्या वर्गात नाव घातलं. तिथल्या एदुर्नेबाईंची पद्धत सोपी होती. "ज्या वस्तूचा शब्द, त्या वस्तूवर चिठ्ठी. खाण्याचे शब्द स्वयंपाकघरात. प्रवासाचे शब्द जिथून ये-जा होते तिथं. जाता-येता वाचायचं, की बसलेच डोक्यात."

घरी बायकोनं, गार्बिन्येनं, त्याच्या हातातली चिठ्ठ्यांची गड्डी पाहिली आणि लाटणं उचललं. "पाहुण्यांसाठी परवाच भिंती रंगवल्यात मी. एक कागद चिकटवलास ना, तर तुलाच चिकटवीन."

म्हणून बालेंदिन बुधवारी दुपारी मंडळात गेला. मंडळ म्हणजे बावीस पुरुष, बावीस किल्ल्या आणि एक मोठं स्वयंपाकघर. जो येईल त्यानं रांधायचं, जेवायचं, भांडी घासायची आणि भांडायचं. बालेंदिनची किल्ली वडिलांपासून आलेली. ती जाणं म्हणजे त्या गावात तोंड दाखवायला जागा न राहणं. मंडळ रिकामं होतं. त्यानं मिठापासून तव्यापर्यंत साठ-एक चिठ्ठ्या चिकटवल्या. दारावर 'डिपार्चर' लावलं, तळघराच्या पायऱ्यांवर 'प्लॅटफॉर्म', दारूच्या फळीवर 'लगेज'. संध्याकाळपर्यंत घोकलं आणि उद्या काढू म्हणून तो घरी गेला. घरी गार्बिन्येनं त्याच्या हाती ब्रश दिला आणि दोन दिवस गच्चीच्या कठड्याला जुंपलं.

आता मंडळाचा एक नियम असा होता, की चिठ्ठी लागली म्हणजे वस्तू राखीव. चिठ्ठीवर मालकाचं नाव असायचं आणि तिला कुणी हात लावायचा नाही. एक सभासद वारला तेव्हा त्याच्या चिठ्ठीची मिरच्यांची बरणी दोन वर्षं जागची हलली नव्हती. बालेंदिनला हे माहीत नव्हतं असं नाही. पण इंग्रजी डोक्यात शिरलं आणि बाकीचं बाहेर पडलं, त्याला तो काय करणार?

गुरुवारी कोल्दो नावाचा सभासद मासे घेऊन आला आणि दारातच थबकला. मागोमाग मंडळाचे अध्यक्ष आंचोन आले. मंडळात कुणालाच इंग्रजीचा गंध नव्हता.

"हा सॉल्ट कोण?" कोल्दोनं मिठाच्या डब्यापुढे वाकून विचारलं.

"परदेशी दिसतोय. आणि हा बघ, अनियन. एका कांद्यासाठी चिठ्ठी लावतो माणूस! काय चिकट लोक!"

"या डिपार्चरनं तर अख्खा दरवाजाच राखून ठेवलाय. अध्यक्ष, खरं सांगा, जागा कुणाला भाड्यानं दिलीत?"

"मी? तूच कुणाला किल्ली दिली असशील!"

त्यावरून जी जुंपली ती शुक्रवारीही मिटली नाही. बावीसजणांतले एकवीस एकमेकांवर डोळा ठेवून बाहेर धक्क्याच्या कठड्यावर बसले आणि डबाबंद तारली मासे पावाबरोबर खाऊ लागले. कुठल्याही वस्तूला कुणी बोट लावलं नाही. शनिवारी सकाळी ठराव झाला: ज्यानं या साठ लोकांना आत घेतलं, त्याची किल्ली काढून घ्यायची.

दुपारी बालेंदिन व्याही डेक्लन, विहीणबाई नोरीन आणि गार्बिन्येला घेऊन ऐटीत आला. कठड्यावर बसलेले सभासद बघून तो बुचकळ्यात पडला.

"आत का नाही बसलात?"

"कशावर बसू? बाक त्या वेटिंगरूमचं आहे," कोल्दो म्हणाला.

बालेंदिनला एकदम आठवलं. चिठ्ठ्या! तरी धीर धरून त्यानं विचारलं, "काल मी कोळणीबरोबर आठ किलोचा हेक मासा पाठवला होता फ्रिजमध्ये..."

"तो तुझा होता?" आंचोनचा चेहरा पडला. "अरे, सबंध घरात चिठ्ठी नसलेली तेवढी एकच वस्तू होती. बिनचिठ्ठीचं ते सगळ्यांचं. आज नाश्त्याला कोल्दोच्या गॅरेजमध्ये भाजून खाल्ला आम्ही. फार छान होता."

एवढ्यात आतून डेक्लनचा आवाज आला. "सॉल्ट! स्पून! नोरीन, इकडे ये, अनियन!" तो एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचत, हसत फिरत होता. विहीणबाईंनी डोळ्याला रुमाल लावला. आपल्याला परकं वाटू नये म्हणून या माणसानं सगळं घर आपल्या भाषेत लिहून ठेवलं, असा त्यांचा समज झाला होता, आणि त्यांनी गार्बिन्येला मिठीच मारली.

एकवीस माना बालेंदिनकडे वळल्या.

"तू?" आंचोन म्हणाला.

"मी," बालेंदिन म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"ज्यानं राखलं त्यानं रांधायचं, हाही नियम आहे. आधी जेवण, मग ठराव."

हेक तर पोटात गेलेला. खाल्ल्याची लाज वाटून सगळे घरोघरी धावले. कुणी कुपा आणला, कुणी बटाटे, कुणी मिरच्या. बालेंदिननं बोटीवर शिजवायचा तसा भलं मोठं पातेलंभर मार्मिताको, म्हणजे कुपा-बटाट्याचा रस्सा, रटरटत ठेवला. व्याही बाह्या सरसावून बटाटे सोलायला बसले. चोवीस माणसं जेवली, पातेलं पावानं पुसून झालं. बालेंदिन मात्र नुसता वाढत राहिला, स्वतःचं ताट त्यानं घेतलंच नाही.

कॉफी झाली आणि आंचोननं टेबलावर हात पसरला. "ठराव तो ठराव. किल्ली."

बालेंदिननं वडिलांची किल्ली खिशातून काढली. डेक्लननं काहीतरी विचारलं. बहुधा काय झालं म्हणून. बालेंदिनला दिलेला शब्द आठवला. हातवारे करायचे नाहीत. त्यानं छाती भरून श्वास घेतला.

"किचन," तो म्हणाला. "पेपर. नेम. नो टच." मग स्वतःकडे बोट दाखवून, "मी, मेनी पेपर." शेवटी किल्ली उचलून धरली. "की... डिपार्चर."

डेक्लन क्षणभर विचारात पडला. मग त्यानं फळीवर तशीच राहिलेल्या गड्डीतली एक कोरी चिठ्ठी घेतली, तिच्यावर सावकाश, मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलं आणि बालेंदिनच्या शर्टावर, छातीशी चिकटवली. वर एक थाप मारली.

आंचोन चष्मा लावून वाकला. "डेक्लन टूमी," त्यानं वाचलं.

कोल्दो खाकरला. "नावाची चिठ्ठी आहे अध्यक्ष. माणूस राखीव झाला. आता हात लावता येणार नाही."

आंचोननं चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. मग पसरलेला हात आवरून कॉफीच्या पेल्याला लावला. बालेंदिननं एवढा मोठा सुस्कारा सोडला, की चिठ्ठीचं टोक फडफडलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायचं त्याच्या ध्यानातही आलं नाही. मग त्यानं पातेल्यात काही उरलंय का ते विचारलं.

संध्याकाळी इसारोचा फोन आला. "बोललास का बाबा?"

"बोललो. व्याह्यांना सगळं समजलं."

"गाय नाही ना केलीस?"

"गरजच पडली नाही."

फोन ठेवेपर्यंत गार्बिन्ये हात पुढे करून उभी होती. "काढ तो शर्ट. रश्श्याचे डाग पडलेत, धुवायला टाकते. आणि तो कागद सोडव आधी."

"ए, हात लावू नकोस," बालेंदिन मागे सरकला. "राखीव आहे."

गार्बिन्येनं चिठ्ठी वाचली, एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि शर्ट डागांसकट ताज्या रंगवलेल्या भिंतीवरच्या खुंटीला टांगून ठेवला.