काठावरून भाताची परीक्षा

त्या संध्याकाळी मी नेहमीसारखा एक अंगठा दाबून गप्प बसलो असतो, तर काही म्हणजे काही बिघडलं नसतं. बायकोच्या माहेरच्या ग्रुपवर गेली तीन वर्षं मी तेवढंच करत आलोय. कुणाचा वाढदिवस असो, कुणाची बढती असो, मी आपला अंगठा दाबतो आणि मोकळा होतो. (सासूबाईंचा गुडघा दुखावल्याच्या बातमीलाही मी अंगठाच दाबला होता. त्यावर घरात दोन दिवस सुनावणी चालली.)

पण त्या दिवशी आठ वाजता मेहुणीने एक फोटो टाकला. वाडगाभर सूप, वर पुदिन्याचं एक पान. खाली लिहिलं होतं, 'ओळखा पाहू, कुठल्या हॉटेलातलं?'

पहिलं उत्तर अर्थातच साडूभाऊंचं. आमचे साडू दातांचे डॉक्टर आहेत. "तोंड हाच आपला धंदा, तोंडात काय गेलं ते आपल्याला कळणारच," असं ते दर जेवणात एकदा म्हणतात. घास जिभेवर घोळवतात, डोळे मिटतात आणि मग डोळे उघडून मसाल्यांची हजेरी घेतात. ते जेवत असताना आपण नुसतेच चावतोय याची मला लाज वाटत राहते.

साडूंनी लिहिलं, 'सातवी पायरी.' चूक. सासूबाईंनी लिहिलं, 'फोटो नीट दिसत नाही.' आणि माझ्या बोटाला काय झालं कोण जाणे, मी लिहून गेलो, 'निळं दार.'

'बरोब्बर!!' मेहुणीने लिहिलं. 'भावोजी, तुम्ही?'

स्वयंपाकघरातून बायको ओल्या हातांनी धावत आली. "अहो, हे तुम्ही लिहिलंत, की तुमचा फोन चोरीला गेलाय?"

"मीच लिहिलं."

"नुसतं सूप बघून ओळखलंत?"

ती माझ्याकडे अशी बघत होती, की लग्न ठरलं तेव्हाही तिने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. (तेव्हा ती माझ्या बुटांकडे बघत होती. ते भावाचे होते.) आता तुम्हीच सांगा, अशा वेळी खरं कोण बोलेल?

आणि खरं काय होतं? खरं हे होतं, की मी सूप बघितलंच नव्हतं. मी वाडगा बघितला होता. मी हॉटेलांना चिनी मातीची भांडी विकतो. शहरातल्या प्रत्येक हॉटेलात मी मागच्या दाराने जातो, नमुन्यांची पेटी उघडतो आणि ऑर्डर घेऊन मागच्याच दाराने बाहेर पडतो. तो लाटांच्या काठाचा वाडगा मी 'निळं दार'ला स्वतः विकलाय. त्यातले दोन त्यांनी झिलईवर फोड आहे म्हणून परत केले होते. ते दोन आमच्या घरी आहेत. आमचं सगळं कपाट असंच भरलंय. चौदा बश्या, आणि एकीचं तोंड दुसरीला नाही. पाहुणे आले की बायको त्यातल्या त्यात बऱ्या काढते. मी मात्र घरी स्टीलच्या ताटात जेवतो. दिवसभर चिनी माती बघून घरी तरी डोळ्यांना आराम नको?

हे सगळं मी बायकोला सांगणार होतो. शपथेवर सांगतो, तोंड उघडलंही होतं.

"मला वाटायचं तुमचं जेवणाकडे लक्षच नसतं," ती म्हणाली. "बावीस वर्षं मी काय रांधते, तुम्हाला कळतच नाही, असं वाटायचं मला."

मी तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी खेळाचे नियम ठरले. रोज आठ वाजता मेहुणी एक फोटो टाकणार. आधी ओळखेल त्याला एक गुण. पंच सासूबाई. महिनाअखेर हरणाऱ्याने जिंकणाऱ्या जोडीला 'दीपगृह'मध्ये खिडकीजवळच्या टेबलावर जेवू घालायचं. तेवढ्यात साडूंनी एक पाचर मारली. 'नुसतं नाव चालणार नाही. कशावरून ओळखलं, ते कारण सांगायचं.' सासूबाईंचा आवाजी निरोप आला, "कारण पाहिजेच. आमच्या वेळी गणितातसुद्धा रीत लिहायला लागायची."

'दीपगृह'चं नाव निघताच बायकोने फोन छातीशी धरला. त्या खिडकीतून खाली सगळं बंदर दिसतं. अकरा वर्षं मी त्या हॉटेलला माल देतोय, अकरा वर्षं ती म्हणतेय, "एकदा मला पुढच्या दाराने घेऊन चला," आणि अकरा वर्षं मी म्हणतोय, "बघू." आता तिची धाकटी बहीण नवऱ्याबरोबर त्या खिडकीत बसणार, आणि वर आम्ही त्यांना जेवू घालणार? छे! प्रश्न अब्रूचा होता.

आणि मग मी सुटलो! तळलेला मासा आला. लांबट बशी, कोपरा तिरका. 'सातवी पायरी!' कारण? 'लिंबू पिळलेलं नाही, चोळलेलं आहे.' (हे मला कुठून सुचलं ते विचारू नका.) नूडल्स आल्या. काळा वाडगा, आतून तांबूस. 'जुनी गिरणी!' कारण? 'आचाऱ्याचा हात जड आहे, पण मन मोठं आहे.' ऑम्लेट आलं, आणि बशीचा टवका उडालेला बघून मला इतकं भरून आलं, की मी हॉटेलच्या नावाबरोबर आचाऱ्याच्या दुखऱ्या मनगटाचंही वर्णन केलं. पंचांनी त्याबद्दल अर्धा गुण जादा दिला आणि साडूंच्या हरकतीनंतर काढून घेतला.

दोन आठवड्यांत मी दहा आणि साडू चार! बायकोचा उत्साह तर विचारू नका. ती फोनवर मैत्रिणींना सांगायची, "आमच्या ह्यांची जीभ म्हणजे काय सांगू!" जेवताना समोर बसून माझ्या चेहऱ्याकडे बघायची.

"आज काय वेगळं घातलंय, सांगा."

"हं... आज जरा खोली आलीय."

"अय्या! चिमूटभर जायफळ घातलं होतं!"

हे असं रोज. तिच्या पदार्थांत मला खोली, उंची, रुंदी काहीही सापडायचं, आणि ती खूश व्हायची. खोटं कशाला बोलू, मीही खूश होतो. इतक्या वर्षांत कधी नव्हे ती माझी घरात किंमत वाढली होती.

पण साडू काही कच्च्या गुरूचे चेले नाहीत. त्यांनी मेहुणीला काय पढवलं कोण जाणे, तिसऱ्या आठवड्यात फोटो जवळून यायला लागले. नुसता केक. नुसता पुडिंगचा थलथलता पृष्ठभाग. काठ नाही, बूड नाही, टवका नाही! मी त्या पुडिंगकडे वीस मिनिटं बघत राहिलो. पुडिंगही माझ्याकडे बघत राहिलं.

"थकलायत तुम्ही," बायको म्हणाली आणि माझ्या डोक्याला तेल चोळलं. तरीही मी हरलो. एकूण सात वेळा हरलो, उरलेल्या दिवशी दोघंही चुकलो. मध्ये एकदा फोटोच्या कोपऱ्यात चुकून बोटभर काठ आला, तेवढा एक गुण मला मिळाला. महिना संपला तेव्हा मी अकरा, साडू अकरा.

अंतिम सामना रविवारी चार वाजता, सासूबाईंच्या घरी. पंचांनी जाहीर केलं, की शेवटचा फोटो त्या स्वतः देणार. कुणालाही आधी दाखवणार नाहीत. स्वतःच्या लेकींनाही नाही.

सगळे टीव्हीसमोर बसलो. साडूंनी दात तपासायचं भिंग आणलं होतं. बायकोने माझा हात घट्ट धरला होता.  सासूबाईंनी चष्मा चढवला, फोन टीव्हीला जोडायला दहा मिनिटं घेतली, आणि एकदाचा फोटो आला.

भरलेल्या ढोबळ्या मिरच्या. दोन. देठाच्या टोप्या परत बसवून वरून पांढऱ्या दोऱ्याने बांधलेल्या. फोडलेल्या एकीतून भात डोकावतोय. (हे सगळं वर्णन मला नंतर लोकांनी ऐकवलं. पहिल्या नजरेत मी त्यातलं काहीही बघितलं नव्हतं.)

मी बघितला तो काठ! पांढरी दहा इंची बशी, काठाला दोन निळ्या रेघा, एक जाड, एक बारीक. अहो, हा काठ अख्ख्या शहरात एकाच हॉटेलसाठी बनवून घेतलाय! मी मनातल्या मनात टुणकन उडीच मारली. बायकोकडे बघितलं, तर ती तोंडावर पदर धरून हसत होती, डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनेही ओळखलंय, मी म्हटलं. आता काय, खिडकी आपलीच!

"चिठ्ठ्यांवर लिहा," पंच म्हणाल्या.

मी झर्रकन लिहिलं. साडू मात्र उठून टीव्हीला नाक लावून उभे राहिले. भिंग लावून दोरा बघितला, भात बघितला. मग डोळे मिटले. मग चमत्कारिक चेहरा करून त्यांनीही लिहिलं.

"थोरले जावई आधी," सासूबाई प्रेमाने म्हणाल्या. "सांगा."

"दीपगृह!" मी गरजलो.

 बायको हसतच म्हणाली, "पुरे हो चेष्टा. खरं सांगा आता."

"चेष्टा कसली? शंभर टक्के दीपगृह."

"कारण?" पंचांचा आवाज जरा बारीक झाला होता.

आता कारण म्हटल्यावर मला महिनाभराची सवय. मी खुर्चीत रेलून बसलो आणि कारणापुरता पदार्थावर डोळा टाकला. "कारण असं, की ह्या आचाऱ्याला मी चांगला ओळखून आहे. मिरची एका बाजूने करपवतो. भात बोटचेपा. आणि तो दोरा बघा, तो दोरा! आत काही दम नसला, की माणूस असा वरून बांधाबांध करतो. मालकाला मी कितीदा सांगितलं, ह्याला काढा!"

बायकोने माझा हात सोडला.

"तुमचं काय?" सासूबाईंनी साडूंना विचारलं.

साडूंनी घसा खाकरला. "हे कुठलंच हॉटेल नाही. टोपी अशी दोऱ्याने बांधायची चिकाटी हॉटेलात कुणाकडे असते? ह्या ताईंच्या मिरच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी एकदाच खाल्ल्या होत्या मी. भातात अक्रोड असतो. अजून आठवतात."

"गुरुवारी मी लेकीकडे जेवायला गेले होते," सासूबाई म्हणाल्या, "तेव्हा काढला हो फोटो. म्हटलं, थोरल्या जावयांना एकदा तरी सोपा प्रश्न घालू. बावीस वर्षं दर गुरुवारी खातायत!"

मी परत बशीकडे बघितलं. दीपगृहाच्या पहिल्या खेपेतल्या एका बशीची बारीक रेघ जाड रेघेवर चढली होती. ती त्यांनी नाकारली, आणि मी घरी आणली. ती आमच्या कपाटात वरून तिसरी. आणि फोटोतही ती रेघ चढलेली स्पष्ट दिसत होती.

"बशी," मी पुटपुटलो. "मी बशी ओळखली होती."

"आणि सूप?" मेहुणी ओरडली. "मासा? नूडल्स?"

"वाडगा. लांबट बशी. काळा वाडगा."

सगळे इतके हसले, इतके हसले, की साडूंचं भिंग सोफ्याखाली गेलं. बायकोही हसली. पण घरी पोचल्यावर कुलूप उघडताना म्हणाली, "आणि ते जायफळ?"

मी चपला जागेवर लावायला लागलो.

"मला वाटलं होतं, निदान आता तरी तुम्हाला कळायला लागलंय," ती म्हणाली आणि आत गेली. मला खरंच फार वाईट वाटलं. त्या रेघ चढलेल्या बशीत जीव दिला असता, पण ती उथळ होती. त्याच दिवशी मी ठरवलं, यापुढे प्रत्येक घास लक्ष देऊन खायचा. चव घ्यायची. डोळे मिटायची वेळ आली, तर डोळेही मिटायचे.

साडू मात्र दिलदार निघाले. म्हणाले, जिंकलो मी, पण मिरच्या ताईंच्या, तेव्हा खिडकीची खुर्ची ताईंची. गुरुवारी ते, मेहुणी, सासूबाई आणि माझी बायको असे चौघं 'दीपगृह'ला गेले. पुढच्या दाराने! हरणाऱ्याने पैसे द्यावेत आणि घरी बसावं, असा पंचांचा निकाल होता. बायकोने जाताना माझं जेवण ओट्यावर झाकून ठेवलं होतं. मी ते वाढून घेतलं आणि फोन समोर ठेवून जेवलो.

आठ वाजता ग्रुपवर बायकोचा फोटो आला. मागे खिडकी, बंदरावरचे दिवे, आणि समोर चौकोनी काळी बशी. मी ताडकन उठलो. चौकोनी? काळी? दीपगृह माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक!

मी लिहिलं, 'ही बशी आपली नाही! कधी बदलल्या? कुणाकडून घेतल्या? उलटी करून खालचा शिक्का बघ!'

'त्यात माझं जेवण आहे,' बायकोने लिहिलं. मग लिहिलं, 'ते जाऊ द्या. ओट्यावर ठेवलेलं जेवलात?'

'हो. झकास होतं.'

'काय होतं?'

मी समोर बघितलं. ताट चाटूनपुसून लख्ख. दोरा तर कुठे दिसत नव्हता, म्हणजे मिरच्या नव्हत्या. धावत ओट्याशी गेलो, तर पातेल्यात मीच मघाशी शहाण्यासारखं पाणी भरून ठेवलं होतं. वास घेऊन बघितला. पाण्याचा आला.

तिकडे चौघंही उत्तराची वाट बघत होते. खोटं तर आता बोलायचं नव्हतं. शेवटी मला जेवढं खात्रीने माहीत होतं, तेवढं मी लिहिलं.

'स्टील. अकरा इंची. काठाला एक पोचा.'

मिनिटभराने सासूबाईंचा आवाजी निरोप आला. मागून सगळ्यांचं हसू ऐकू येत होतं, त्यात बायकोचं सगळ्यात मोठं.

"शून्य," पंच म्हणाल्या. "पोचा डाव्या बाजूला आहे, तेही लिहिलं नाहीत."