लाल गाडी आणि साबणाची डबी

“पुण्याच्या गिऱ्हाइकाला उद्या व्हय म्हणून टाका,” त्रिशलाबाई नवऱ्याला म्हणाल्या आणि जिनपाल मगदुमांना चहाचा ठसका लागला.

गिऱ्हाईक आलं होतं त्यांच्या लाल स्पोर्ट्स गाडीला. एकोणीसशे बावन्नचं मॉडेल, दोनच सीटा, डोक्यावर टप नाही. शिरोली एमआयडीसीत जिनपालांची फौंड्री होती. गाडीचं जे मोडेल ते तिथं ओतून घ्यायचे. वीस वर्षांत इतकं ओतलं, की मूळचा फक्त हॉर्न उरला. तरी जीव होता बघा त्यांचा तिच्यावर! त्रिशलाबाईंनी मात्र गेल्याच महिन्यात पांढरी छोटी गाडी घेतली होती. एसी असलेली, किल्ली फिरवली की चालू, दारं आपोआप लॉक.

“तुझी ती साबणाची डबी हाय, गाडी न्हवं,” जिनपाल म्हणाले.

“मग लागली पैज! आज शिरोळला आईकडं जेवायला जायाचंच हाय. आपापल्या गाडीनं निघू. दिवस मावळायच्या आत तुमची पोचली, तर ऱ्हाऊ दे. न्हाय पोचली, तर इकायची.”

मगदूम जैन. दिवस मावळल्यावर घरात कुणी घास तोंडात घालत नसे. म्हणजे हरलं तर गाडीही गेली आणि जेवणही.

दुपार कलल्यावर दोघं कोल्हापुरातून निघाली. वाटेतल्या चोकाकपर्यंत लाल गाडी झकास पळाली. मग बॉनेटमधून वाफ निघाली. मागून त्रिशलाबाई आल्या. तशाच पुढं गेल्या असत्या तर पैज खिशात होती. पण नवऱ्याची फजिती जवळून बघायचा मोह कुणाला आवरलाय? त्या उतरल्या, दार ढकललं आणि मागं ‘खट्’ झालं. किल्ली आत, पर्स आत.

“दुसरी किल्ली?”

“कोल्हापुरात. कपाटात.”

रसवंतीवाले गणपतराव पाण्याची कळशी घेऊन आले. “पावणं, जुनी तापली, नवी रुसली. बैलं जुपू काय?”

रेडिएटरमध्ये पाणी भरलं, तर सेल्फ लागेना. जिनपालांनी इंजिन फिरवायचं हँडल बाहेर काढलं आणि त्रिशलाबाईंना ॲक्सिलरेटर दाबायला आत बसवलं. चौथ्या हँडलला इंजिन धडाडलं.

“पाय काढू नगंस, बंद पडंल!” असं ओरडत जिनपाल शेजारच्या सीटवर उडी मारून बसले. जागा बदलायची सोयच राहिली नाही. त्रिशलाबाईंनी खाडकन गिअर टाकला. माहेरी शिरोळात उसाचा ट्रॅक्टर हाकलेली बाई ती!

जिनपाल मागं वळून सूर्य मोजत होते. “वीतभर हाय अजून! आता चार बोटं! अगं, पळीव की!”

त्रिशलाबाई मोठमोठ्यानं हसत हॉर्न वाजवत होत्या. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण जिनपालांनी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

शिरोळला दारात त्रिशलाबाईंच्या आई झुंबरबाई ताटं वाढूनच उभ्या होत्या. लेक-जावयानं घाईघाईनं जेवून हात धुतले, तेव्हा कुठं सूर्य उसाच्या फडामागं गेला.

“जितलो!” जिनपाल म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरोळातूनच त्रिशलाबाईंनी स्वतः पुण्याला फोन लावला. “गाडी इकायची न्हाय.” जिनपालांच्या डोळ्यांत पाणी आलं. “मालक तेवढा बदललाय. आता ती मीच चालवणार,” असं म्हणून त्रिशलाबाईंनी फोन ठेवला.

जिनपाल एसटीनं कोल्हापूरला गेले आणि किल्ली घेऊन दुपारी चोकाकला उतरले. छोटी गाडी पहिल्याच झटक्यात चालू झाली. तेवढ्यात शेजारून लाल गाडी हॉर्न वाजवत निघून गेली.

“पावणं, गाडी गेली की तुमची!” गणपतराव ओरडले.

“गेली न्हवं, ऱ्हायली,” जिनपाल म्हणाले. मग कुणी बघत नाही याची खात्री करून त्यांनी हळूच काच वर घेतली आणि एसी लावला.