विश्वनाथचा उजवा कान

आमच्या विश्वनाथचा उजवा कान डाव्यापेक्षा लाल असे. कारण विचाराल तर ध्यान.

मॅट्रिकसाठी तो कळवणहून नाशकात आला आणि माझ्या खोलीत राहू लागला. रोज सकाळी गंगेवरून (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात) अंघोळ करून आला की भिंतीकडे तोंड करून मांडी घालायचा. मन भरकटलं की स्वतःचाच कान पिळायचा. "विश्या, गाढवा, कुठं गेला होतास?" उत्तरही तोच द्यायचा, कारण खोटं बोलायचं नाही असा त्याचा नियम. "जोशीकाकूंच्या कढीत."

आम्ही दोघंही वार लावून जेवणारे, रोज वेगळ्या घरी पान. त्यामुळे त्याचं मन कुठं सापडेल ते वारावरून सांगता यायचं. सोमवारी अळूत, गुरुवारी कढीत.

"त्यापेक्षा सरळ स्वयंपाकघरातच ध्यानाला बस की," मी म्हणायचो.

"मार खाल्ल्याशिवाय विश्या सुधारत नाही," तो गंभीरपणे म्हणे. हे वाक्य त्याच्या वडिलांचं. कान पिळायची रीतही त्यांचीच. त्याला विशू म्हणणारी आई तो लहान असतानाच गेली होती.

सहा-सात महिन्यांत 'गाढवा' बंद झालं, कानही बराच निवला. मी कारण विचारलं.

"मन कढीकडे जातं ते लबाडीनं नाही रे. त्याला भूक लागलेली असते."

मी पोट धरून हसलो. आता त्या हसण्याचं वाईट वाटतं.

मॅट्रिकला तो आधीच दोनदा आपटला होता. तिसऱ्यांदा आपटलास तर घरी तोंड दाखवू नकोस, असं वडिलांचं पत्र आलेलं. निकालाच्या सकाळी पेपरात माझा नंबर होता, त्याचा नव्हता. पेपराची नीट घडी घालून तो गंगेकडे निघून गेला. मला ते पत्र आठवलं. चपला न घालता धावत सुटलो.

तो घाटाच्या पायरीवर डोळे मिटून बसला होता. गाल ओले. हात उजव्या कानाकडे गेला. आता पिळणार, असं मला वाटलं. पण त्यानं कान हळूहळू चोळला.

"फार लागलं का रे, विशू?" तो स्वतःलाच म्हणाला.

मी शेजारी बसलो. त्यानं डोळे उघडले.

"तू पास झालास, ते बोललोच नाही मी. चल, आज गुरुवार. कढी निवेल."